इंजिन पाठीशी

बैलगाडी भरणाऱ्या माणसाला मोटारीचं निम्मं शास्त्र आधीच ठाऊक असतं. पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झाली की गाडी धुरजड होते आणि सगळा भार मानेवर येतो. म्हणून जाणता गाडीवान जड पोती आसाच्या आसपास रचतो आणि हलकी अंदाजाने पुढेमागे सरकवतो.

मोटारीतलं सर्वांत जड पोतं म्हणजे इंजिन. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक मोटारींत ते बॉनेटखाली, पुढच्या आसाच्या जवळ असतं. जुनी फोक्सवॅगन बीटल किंवा पोर्शे ९११ यांच्यात ते मागच्या आसाच्याही मागे असतं. तिसरी जागा दोन आसांच्या मध्ये, चालकाच्या अगदी पाठीशी. या मांडणीला मिड-इंजिन म्हणतात. मोटारीचं रूपडं बसकं, नाक आखूड आणि सीटच्या मागे फुगीर पाठ दिसली, की बहुधा आतली मांडणी हीच असते. शर्यतीच्या आणि महागड्या स्पोर्ट्‌स मोटारींची ही मिरास आहे असं आपण समजतो. पण इंग्लंड-अमेरिकेत अशी मोटार घरामागच्या गॅरेजमध्ये, कोऱ्या लोखंडी नळ्यांपासून सुरुवात करून, शनिवार-रविवारी बनवणारे हौशी लोक आहेत. त्यांचं काम समजून घेतलं की मोटार नावाच्या यंत्राची बरीच गुपितं उलगडतात.

कावड आणि घागर

खांद्यावर पाण्याची कावड घेऊन चालणाऱ्याला अचानक वळावं लागलं तर काय होतं? तो वळतो, पण कावड वळायला तयार नसते. आणि एकदा फिरू लागली की थांबायलाही तयार नसते. तेवढंच पाणी डोक्यावरच्या घागरीत असेल तर माणूस जागच्या जागी गर्रकन फिरू शकतो. वजन तेच, फक्त ते फिरण्याच्या केंद्रापासून किती लांब आहे, एवढाच फरक.

हा फरक आकड्यांत मांडला तर डोळे उघडतात. वळण्याला होणारा विरोध, ज्याला जडत्वाघूर्ण म्हणतात, तो वजन गुणिले अंतराचा वर्ग या हिशेबाने वाढतो. १०० किलोचं इंजिन मोटारीच्या गुरुत्वमध्यापासून दीड मीटरवर असेल तर त्याचा वाटा २२५ येतो. तेच इंजिन अर्ध्या मीटरवर आणलं तर २५. अंतर तिप्पट कमी, विरोध नऊपट कमी. मोटारीत इतरही वजनं असतात, त्यामुळे अख्खी गाडी काही नऊपट चपळ होत नाही. पण स्टिअरिंग हलवल्याबरोबर नाक वळतं, हा अनुभव इथूनच येतो.

दुसरा फायदा पकडीचा. गाडी वेग घेते तेव्हा भार मागच्या चाकांवर सरकतो आणि ब्रेक लागला की पुढच्यांवर. मिड-इंजिन गाडीत मागची चाकं ओढ देतात आणि इंजिनाचं वजन त्यांच्या जवळच असतं, त्यामुळे वेग घेताना ती नुसती जागच्या जागी फिरत नाहीत. ब्रेकच्या वेळी भार पुढे येतो आणि चारही टायर आपापला वाटा उचलतात.

सर्बिटनची साखळी

एवढं शास्त्र वाचल्यावर वाटेल, की ही मांडणी कुणा मोठ्या प्रयोगशाळेत ठरली असेल. १९३० च्या दशकात जर्मनीत फर्डिनांड पोर्शे यांनी ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांत इंजिन चालकामागे ठेवलंही होतं. पण महायुद्ध आलं आणि तो धागा तुटला. पुन्हा तो जोडला गेला तो लंडनजवळच्या सर्बिटन गावातल्या एका साध्या गॅरेजात.

चार्ल्स कूपर यांचं ते गॅरेज. त्यांचा मुलगा जॉन तेव्हा विशीत होता. १९४६ साली युद्धाने खंगलेल्या इंग्लंडात पेट्रोल आणि पैसा दोन्हींची टंचाई होती, म्हणून हौशी लोकांनी ५०० सीसीच्या छोट्या गाड्यांच्या स्वस्त शर्यतींची कल्पना काढली होती. जॉनने फियाट टोपोलिनो या चिमुकल्या मोटारीचे दोन पुढचे भाग घेतले आणि एकमेकांना पाठ लावून जोडले. टोपोलिनोच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होतं, मागच्यांना नव्हतं. दोन्हीकडे पुढचाच भाग लावल्यावर चारही चाकांना ते मिळालं. इंजिन घेतलं जेएपी कंपनीचं, धुळीच्या मैदानावरच्या मोटारसायकल शर्यतींत वापरतात ते, एका सिलिंडरचं.

आता ते ठेवायचं कुठे? मोटारसायकलचं इंजिन चाकाला साखळीने जोडलेलं असतं. पुढे ठेवलं तर साखळी चालकाच्या पायांखालून, सीटखालून मागे न्यावी लागणार. मागे, चाकांना खेटून ठेवलं तर साखळी हातभर. कूपरांनी ते मागे ठेवलं. आपण काही क्रांती करतो आहोत असं आमच्या मनातही नव्हतं, ती फक्त सोय होती, असं जॉन कूपर पुढे सांगत असत.

सोयीने ठेवलेलं इंजिन पुढच्या बारा-चौदा वर्षांत सगळ्या जगाला मागे न्यावं लागलं. १९५८ च्या जानेवारीत ब्युनोस आयर्सच्या ग्रां प्री शर्यतीत स्टर्लिंग मॉसने सुमारे २ लिटरच्या इंजिनाची एक छोटी कूपर गाडी आणली. तिच्यासमोर इंजिन पुढे असलेल्या, जास्त ताकदीच्या फेरारी होत्या. मॉसने सबंध शर्यतीत टायर बदलले नाहीत. हलक्या गाडीने टायर कमी झिजवले आणि तो तीन सेकंदांपेक्षाही कमी अंतराने जिंकला. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत इंजिन चालकामागे असलेल्या गाडीचा तो पहिला विजय. १९५९ आणि १९६० साली जॅक ब्रॅबम कूपर गाडीतून जगज्जेता झाला. १९६० च्या सप्टेंबरात मोंझाला फिल हिलची फेरारी जिंकली. इंजिन पुढे असलेल्या गाडीचा अजिंक्यपदाच्या ग्रां प्रीतला तो शेवटचा विजय ठरला. १९६६ मध्ये लॅम्बोर्गिनीने बारा सिलिंडरचं इंजिन सीटमागे आडवं बसवून मिउरा आणली आणि शर्यतीची मांडणी श्रीमंतांच्या दारात उभी राहिली.

पुढचं उचला, मागे ठेवा

घरी मोटार बनवणारा माणूस इंजिन बनवत नाही, गिअरबॉक्सही बनवत नाही. त्यासाठी लागणारी ओतशाळा, अचूक यंत्रं आणि चाचण्या कुणाच्याच गॅरेजात नसतात. तो कूपरांनी केलं तेच करतो. तयार वस्तू घेतो आणि वेगळ्या जागी ठेवतो.

१९५५ नंतरच्या कूपर गाड्यांत गिअरबॉक्स होता सित्रोएनच्या ट्रॅक्शन अव्हाँ या घरगुती मोटारीवरून घेतलेला. त्या मोटारीची पुढची चाकं ओढ देत असत, म्हणून इंजिन, गिअरबॉक्स आणि ओढ दोन चाकांत वाटणारं डिफरन्शिअल एकाच गाठोड्यात होतं. असं गाठोडं पुढून काढून मागे बसवता येतं. १९७२ ची फियाट एक्स १/९ हे फियाट १२८ चं पुढचं गाठोडं मागे नेऊन केलेलं रूप होतं. १९८४ मध्ये आलेल्या टोयोटा एमआर२ चं इंजिनही कोरोलाच्या कुळातलं. आपल्याकडे दिलीप छाब्रिया यांच्या डीसी अवंती या मोटारीने २०१२ च्या ऑटो एक्स्पोत हाच मार्ग दाखवला. रेनोचं २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन तिने सीटमागे ठेवलं होतं.

गेल्या चाळीसेक वर्षांतल्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन पुढे आडवं असतं आणि पुढचीच चाकं ओढतात. म्हणजे हौशी माणसाला हवं ते गाठोडं भंगारात आणि अपघातग्रस्त गाड्यांच्या लिलावात भरपूर मिळतं. अशी एक अख्खी गाडी घ्यायची आणि तिच्यातून इंजिन, गिअरबॉक्स, चाकांचे शाफ्ट, हब, ब्रेक, स्टिअरिंगचा रॅक, पेडल, वायरिंग, सगळं काढून घ्यायचं. अशा गाडीला तिकडे दाता गाडी म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे.

गाठोडं न फिरवता सरळ मागे सरकवलं तर गिअर सुलटेच राहतात. बीटलसारखं गाठोडं मात्र अर्धं वळवून बसवावं लागतं, कारण तिच्यात इंजिन आसाच्या मागे असतं आणि आपल्याला ते पुढे हवं असतं. तसं फिरवलं की चाकं उलटी फिरू लागतात. चार गिअर मागे जायला आणि एक पुढे! उपाय म्हणून डिफरन्शिअलमधलं मोठं चक्र काढून दुसऱ्या बाजूने बसवतात.

खुर्चीपासून सुरुवात

नवशिका इंजिनापासून सुरू करतो, मुरलेला खुर्चीपासून. आधी जमिनीवर सीट ठेवायची, पेडलच्या जागी लाकडी ठोकळे ठोकायचे, स्टिअरिंग हातात धरून बसायचं आणि बायकोला किंवा मित्राला सांगायचं की गुडघा, कोपर आणि डोकं कुठे येतंय ते मोज. माणसाचं माप ठरल्यावर त्याच्या मागे इंजिन, आणि मग दोघांभोवती सांगाडा.

या सांगाड्याचं सर्वांत प्रसिद्ध घरगुती रूप इंग्लंडचंच. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस सेव्हन या १९५७ च्या गाडीवरून स्फूर्ती घेऊन रॉन चॅम्पियन यांनी १९९६ साली २५० पौंडांत स्पोर्ट्‌स मोटार कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं. त्यातली गाडी ‘लोकॉस्ट’ म्हणून ओळखली जाते. तिचं इंजिन पुढे असतं, पण सांगाड्याची रीत मिड-इंजिनवाल्यांनीही उचलली. साधारण २५ मिलिमीटरच्या चौकोनी लोखंडी नळ्या, जाडी सुमारे १.६ मिलिमीटर. आपल्या कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात खिडकीच्या ग्रिलसाठी ठेवलेला असतो, तसाच माल.

ताकद नळीत नसते, त्रिकोणात असते. शेताच्या फाटकाला तिरपी पट्टी का मारतात? चार फळ्यांची चौकट कितीही खिळे मारले तरी कालांतराने कलते. कर्णावर एक पट्टी मारली की दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण कलत नाही. सांगाड्यातल्या प्रत्येक चौकोनाला असा कर्ण द्यायचा असतो. मिड-इंजिन गाडीची खरी पंचाईत इथेच होते. इंजिन वरून आत उतरवायचं, पुढे कधी दुरुस्तीला बाहेर काढायचं, तर त्याच्यावरचा चौकोन मोकळा हवा. आणि मागच्या चाकांचा सगळा जोर तर तिथेच येतो. म्हणून तिथला कर्ण वेल्ड न करता बोल्टने आवळतात.

आता वेल्डिंग. सपाट टेबलावर गाडीची मधली रेघ मारलेली असते. नळ्या कापून, टोकं ग्राइंडरने घासून, गुण्या लावून जागेवर धरतात आणि प्रत्येक सांध्याला हरभऱ्याएवढे टॅक, म्हणजे वेल्डचे कच्चे टाके, मारतात. अख्खा सांगाडा टॅकवर उभा राहीपर्यंत पूर्ण वेल्ड कुठेच करायचं नाही, कारण वेल्डिंग ओढतं. तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं आणि नळी वेल्डच्या बाजूला झुकते. डावीकडचे सगळे सांधे एका दमात भरले तर सकाळी चौरस असलेली चौकट संध्याकाळी पतंगासारखी दिसते. म्हणून एक सांधा डाव्या कोपऱ्यातला, पुढचा उजव्या कोपऱ्यातला, मग मागचा, आणि मध्ये मध्ये टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे भरले तर चौकट काटकोनात. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आला तर थांबायचं, टॅक कापायचा आणि पुन्हा बसवायचं. चहा घेतल्यावर परत मोजायचं, कारण लोखंड अजून निवत असतं.

छोट्या वाटणाऱ्या गोष्टी

इंजिन जागेवर बसलं की पाहुण्यांना वाटतं काम झालं. बनवणाऱ्याला कळतं की आता सुरू झालं.

दाता गाडीची पुढची चाकं वळायची, म्हणून त्यांच्या नकलला, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या जोडाला, स्टिअरिंगचा दांडा जोडायची जागा असते. तीच नकल मागे बसवल्यावर चाक वळायला नको असतं. तो दांडा रॅकऐवजी सांगाड्याला पक्का बांधावा लागतो आणि त्याची लांबी व उंची विशबोनच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या त्रिकोणी बाहूच्या, चालीशी जुळवावी लागते. चुकली तर प्रत्येक खड्ड्यात मागची चाकं आपोआप थोडी वळतात आणि गाडी मागून स्टिअरिंग केल्यासारखी डुलते.

गिअरचा दांडा मूळ गाडीत गिअरबॉक्सच्या मागे होता, आता तो पुढे आला. जुन्या गाड्यांत लोखंडी सळया असतात, त्यांची दिशा उलटी होते आणि पुन्हा जुळवताना नाकी नऊ येतात. म्हणून जाणते लोक केबलचा गिअर असलेली दाता गाडी शोधतात. केबल लांबीची बनवून घेतली की वळवून कुठूनही नेता येते.

रेडिएटर पुढे, इंजिन मागे. मध्ये पाण्याच्या दोन लांब नळ्या. त्यांच्या उंच भागात हवेचा बुडबुडा अडकला की पाणी फिरत नाही आणि काटा लाल रेघेकडे सरकतो. सर्वांत उंच जागी हवा सोडायचा स्क्रू ठेवावा लागतो. मिड-इंजिन गाड्यांच्या कुशीतल्या त्या मोठ्या खाचाही शोभेच्या नसतात. इंजिनाला समोरून वारा लागत नाही, तो बाजूने पकडून आणावा लागतो.

सर्वांत फसवा ब्रेक. दाता गाडीत पुढचे ब्रेक मोठे असतात, कारण ब्रेकचं जास्त काम पुढे होतं. गाठोड्यासकट ते मागे आले की मागे मोठे ब्रेक. जोरात पाय पडला की भार पुढे जातो, हलकी झालेली मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी भिरभिरते. म्हणून पुढच्या-मागच्या चाकांना स्वतंत्र मास्टर सिलिंडर आणि मध्ये जोर वाटून देणारी पट्टी बसवतात आणि मोकळ्या मैदानावर ती जुळवतात.

वळणावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तरी असंच होऊ शकतं. घागरीचा फायदा आता उलटतो. जी गाडी पटकन वळते ती पटकन फिरूनही जाते, आणि सावरायला चालकाला तेवढाच कमी वेळ देते.

शेवटी बॉडी. फायबरग्लासचा बाहेरचा आकार आधी फोम आणि लाकडात घडवायचा, पुट्टी लावायची, घासायचं, पुन्हा पुट्टी, पुन्हा घासायचं, मग त्यावरून साचा काढायचा. यात वर्षं जातात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात एका गृहस्थाने घराच्या तळघरात बसून लॅम्बोर्गिनी काउंटाशची प्रतिकृती बनवली. त्याला १७ वर्षं लागली. गाडी तयार झाली तेव्हा ती बाहेर काढायला पाया फोडून, बाहेर उतार खणावा लागला. अर्थात ते त्याने आधीच गृहीत धरलं होतं.

पाटी आणि परवाना

इंग्लंडात अशी गाडी रस्त्यावर आणायची सरकारी वाट आहे. एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी होते. ब्रेक, दिवे, धूर तर बघतातच, पण बाहेरच्या कडा पादचाऱ्याला कापतील इतक्या धारदार नाहीत ना, यासाठी त्यांची गोलाईही मोजतात.

आपल्याकडे ही वाट जवळजवळ बंद आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल मालकाला करता येत नाहीत. नवं वाहन विकायचं तर त्याचा नमुना पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून घ्यावा लागतो. हा खर्च आणि खटाटोप कंपन्यांसाठी आखलेला आहे, एका गाडीच्या हौशी माणसासाठी नाही. म्हणून भारतात घरी बांधलेली स्पोर्ट्‌स मोटार फार तर बंद आवारात किंवा ट्रॅकवर चालवायची, हे आधीच ठरवून कामाला लागावं. नंबरची पाटी मिळेल या आशेवर पैसे घालू नयेत.

ज्यांना शिकायचं आहे त्यांच्यासाठी मात्र दार उघडं आहे. बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा २००७ पासून भरते. तिथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी नळ्यांचा सांगाडा स्वतः वेल्ड करतात आणि छोटं इंजिन चालकाच्या मागे बसवतात. कोइम्बतूरच्या ट्रॅकवर होणाऱ्या फॉर्म्युला भारतमध्ये शर्यतीच्या छोट्या गाड्या असतात. महाराष्ट्रातली कितीतरी कॉलेजं दोन्हीकडे उतरतात. घरात कुणी अभियांत्रिकीला असेल आणि त्याला किंवा तिला मोटारीचं वेड असेल, तर स्वतःची गाडी बांधायला निघण्याआधी दोन वर्षं अशा संघात वेल्डिंगचा चष्मा लावून काढावीत. कर्ण मोजायची सवय तिथे लागते.

फॉर्म्युला भारतमधले बरेच संघ केटीएम ३९० मोटारसायकलचं एका सिलिंडरचं इंजिन वापरतात. बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होणारी ही मोटारसायकल. तिचं इंजिन ही मुलं चालकामागे ठेवतात. कारण विचारलं तर जडत्वाघूर्ण वगैरे सांगतातच, पण एक कारण त्याच्याही आधी येतं. इंजिन मोटारसायकलचं आहे आणि साखळी लांब नेता येत नाही.